साबणाची सातवी वडी

दिवाळी झाली आणि माय-बाबा मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी गोदाकाठाकडं निघाले, त्या सकाळी मायनं माझ्या हातात साबणाच्या सात वड्या दिल्या. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून. म्हणाली, “म्हैन्याला एक. सातवी संपायच्या आत मी दारात.”

माय तारखा मोजत नाही. तिचा काळ कोकरांच्या दातांवर आणि शेतातल्या पिकांवर चालतो. मी शहरात, मुकुंदवाडीत खोली घेऊन कॉलेजात शिकणारी, आमच्या घरातली पहिलीच. मला तिच्या बोलण्याचं हसू आलं. मी म्हणाले, “माय, माझ्याकडं कॅलेंडर हाय की.”

“असू दे. कॅलेंडर लावून आंघूळ करत्यात व्हय?”

बाबा पुढं गेले होते. तिनं डोक्यावरचं बोचकं सावरलं आणि मागं न बघता चालू लागली.

हे मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. लिहायला बसले की साबणाबद्दलच लिहिलं जातं, आणि मला खरं तर मायबद्दल लिहायचं असतं. पण त्या वर्षी दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकच होऊन बसल्या होत्या. म्हणून साबणापासूनच सांगते.

आमची वस्ती पडेगाव ओलांडून दौलताबादकडं जाताना लागते. मी शाळेत होते तेव्हा तिथल्या बचत गटातल्या बायकांना एका शिबिरात साबण करायला शिकवलं होतं. बाकीच्या बायकांनी चार-दोनदा करून सोडून दिलं. मायनं सोडलं नाही. घरात शेळ्या होत्या, आणि तिला त्याचा नाद लागला. शेळीचं दूध, खोबरेल, थोडं करंजाचं तेल आणि कॉस्टिक सोडा. सोडा ओतताना ती आम्हाला अंगणाबाहेर काढायची आणि नाकाला पदर बांधायची. वड्या कापून झाल्या की तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, तट्ट्यावर, सावलीत, एकमेकींना टेकणार नाहीत अशा मांडायची. मग दोन महिने कुणी हात लावायचा नाही. “कवळा साबण काकडीवानी असतो,” ती म्हणायची. “पाणी लागलं की गळतो. वाळू द्यावा, मंग तो पुरतो.”

शेवटी ती एक काम करायची, जे गटात कुणी शिकवलं नव्हतं. प्रत्येक वडीभोवती ती लोकर बसवायची. कोकराची पहिली कातरण असते, मऊ आणि पांढरी, तिला आमच्याकडं जावळ म्हणतात. त्याचा पातळ थर वडीभोवती गुंडाळायचा, कोमट पाण्याचा हात लावायचा आणि तळहातांवर फिरवत राहायचं. फिरवता फिरवता लोकर आवळत जाते आणि वडीला कातड्यासारखी चिकटते. मग ती वडी तशीच, लोकरीसकट अंगाला चोळायची. आतून फेस येतो. मला वाटायचं, अंग चांगलं घासलं जावं म्हणून हे करतात. त्याहून जास्त मी कधी विचारलं नाही.

खोलीत आम्ही दोघी होतो. माझी रूम पार्टनर जालन्याकडची. स्वभावानं मोकळी, तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी बाथरूममधून तिची किंकाळी आली.

“अगं ए, इथं उंदीर मेलाय! पांढरा!”

मी धावत गेले. ती कोपऱ्यात उभी, हातात मग उगारलेला.

“उंदीर नाही गं. साबण आहे माझा.”

“साबण?” तिनं वाकून बघितलं. “साबणाला केस कशाला? टकला मिळत नाही का तुमच्याकडं?”

“लोकर आहे ती.”

“मग त्याला शाम्पू पण लावत जा. आणि थंडीत स्वेटर लागणार नाही, तेवढी बचत.”

मी पण हसले. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं. पण त्या आठवड्यात मी आधीच बऱ्याच गोष्टींची लाज बाळगत होते. वर्गात ‘नाय’ तोंडातून जाऊ नये म्हणून मी प्रत्येक वाक्य आधी मनात बोलून बघायची. त्या दुपारी ती कॉलेजला गेल्यावर मी फडकं सोडलं, ब्लेड घेतलं आणि सातही वड्यांची लोकर सोलून काढली. आतून पिवळसर, गुळगुळीत वड्या निघाल्या. दुकानातल्यासारख्या दिसत होत्या. मला बरं वाटलं. सोललेली लोकर पिशवीत भरून मी सकाळी घंटागाडीत टाकली.

पहिली वडी दहा-बारा दिवसांत गेली.

गेली म्हणजे वापरून संपली नाही. विरघळली. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी यायचं, बाकी सगळं बोअरचं. ते पाणी इतकं जड की फेस यायला साबण घासतच राहावा लागतो. आणि मी वडी प्लॅस्टिकच्या साबणदाणीत ठेवायची. तळाला पाणी साचायचं, आणि दुसऱ्या दिवशी खालची बाजू लापशीसारखी झालेली असायची. बोटांनी निपटून काढली तरी निम्मी मोरीत जायची. दुसरी वडी पार्टनरनंही वापरली. “अंग काय मऊ होतं गं,” म्हणाली, “केस काढल्यावर एकदम सुधारला की.” दीड महिन्यातच माझ्या तीन वड्या संपल्या होत्या.

बाबांचा फोन कुण्या शेतकऱ्याच्या घरी चार्ज झाला की माय बोलायची. तिचा एकच प्रश्न.

“कितवी चालूय?”

“दुसरी,” मी म्हणाले.

“मंग लई दिस हायेत अजून,” ती म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं. “लोकर भिजंल तेवढंच पाणी घे. आन आडवी ठेवू नको, टांगून ठेव. लोकर पाणी वढून घेती, साबण कोरडा ऱ्हातो. तवाच तर पुरतो.”

लोकर कशासाठी होती, ते मला त्या दिवशी कळलं. मी “व्हय” म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी जमेल ते सगळं केलं. चौथी वडी दोऱ्यानं कापून चार तुकडे केले, एका वेळी एकच तुकडा ओला होईल असे. साबणदाणी टाकून दिली. घरून तुराट्या आणून त्यांचं छोटं तट्टं बांधलं आणि खिडकीत, वारा लागेल पण ऊन लागणार नाही असं ठेवलं. अंगाला साबण लावायचा सोडून आधी घोसाळ्याच्या वाळक्या जाळीला लावायचा आणि जाळीनं अंग घासायचं. पाणी चालू असताना वडी हातात धरायची नाही. उरलेल्या चिपा फेकायच्या नाहीत, ओल्या असताना नव्या तुकड्याला दाबून चिकटवायच्या. साबण पुरू लागला. पण गेलेल्या तीन वड्या काही परत येत नव्हत्या. पाचवी चालू होती तेव्हा मी मायला “तिसरी” म्हणून सांगत होते.

मार्चमध्ये बाबांचा फोन आला.

“मायला जरा बरं नाय. वाघरीच्या खुट्या उपटताना पडली.” वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. रोज सकाळी ती उचलायचं काम मायचं. “परभणीला दवाखान्यात आणलीय. तू येऊ नको.”

“मी निघते.”

“नको म्हणलं ना. परीक्षा हाय तुझी. तीच म्हणती, परीक्षा दे म्हन.”

मी थांबले. ती म्हणते म्हटल्यावर थांबले.

पाच दिवसांनी मी हट्ट धरला की तिला फोन द्या. बराच वेळ नुसती खरखर. दवाखान्यात कुणाच्या तरी चपलांचा आवाज. मग अगदी जवळून एक श्वास ऐकू आला आणि त्याच्यामागून घशात अडकलेला एक आवाज, ज्याला शब्द म्हणता येणार नाही.

मी म्हणाले, “माय, विचार ना. कितवी चालूय, विचार.”

पुन्हा तोच आवाज. मग बाबांनी फोन घेतला.

“तिला बोलता येत नाय, बाय. उजवं अंग गेलंय.”

“मग परीक्षा दे असं कोण म्हणालं?”

बाबा म्हणाले, “बोलती असती तर तेच म्हणली असती.”

मी गेले नाही. हे वाक्य मी कितीदा लिहून खोडलं आहे. परभणीची गाडी मुकुंदवाडीच्या स्टेशनावरून जाताना खोलीत ऐकू यायची. जाता आलं असतं. मी स्वतःला सांगत होते की बाबांनी नको म्हटलंय, परीक्षा आहे, मी जाऊन काय करणार. पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती. तो आवाज मला समोर बसून ऐकायचा नव्हता. आणि एक गोष्ट मनात सारखी टोचत होती. ती साबण करायची तेव्हा म्हणायची, “माप लिहून घे गं, तुला लिहिता येतं.” मी म्हणायचे, “कशाला? तू आहेस की.” वर्गात मी सगळ्यांचं सगळं लिहून घेत होते. आता तिला सांगता येत नव्हतं, आणि माझ्याकडं एक ओळ लिहिलेली नव्हती.

गेले नाही, तर मी दुसरं काय करत होते? साबण राखत होते. दोन वड्या उरल्या होत्या, सहावी आणि सातवी. सातवी संपायच्या आत ती येणार होती, आणि तिनं आजवर बोललेलं मोडलं नव्हतं. म्हणजे सातवी संपली नाही तर ती येण्याची वेळ टळलेली नाही. हे लिहिताना मला कळतंय की यात काही अर्थ नाही. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी आहे. पण तेव्हा मी त्यावर इतकी घट्ट विसंबले होते की मी साबण लावणंच बंद केलं. नुसत्या पाण्यानं अंग धुवायची. पार्टनर एकदा म्हणाली, “काय गं, उपवास धरलास का साबणाचा?” मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिचा स्वतःचा साबण माझ्या बाजूला सरकवून ठेवला. मी तो लावला नाही.

दोन्ही वड्यांना कुणाचा हात लागू नये, धूळ बसू नये म्हणून सहावी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली आणि पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवली. दुसरी तशी पिशवी नव्हती, म्हणून सातवी मायच्या फडक्यातच गुंडाळून खिडकीत ठेवली. आठवड्याभरानं, एका पेपरच्या आदल्या दिवशी, राहवलं नाही म्हणून पेटी उघडली. पिशवीला आतून घाम आला होता. वडीवर नारिंगी डाग पडले होते आणि जुन्या तळणाच्या तेलासारखा खवट वास येत होता. मी ती धुऊन बघितली, वरचा थर खरवडून बघितला. वास आतपर्यंत गेला होता.

पेटीसमोर मी किती वेळ बसले, आठवत नाही. वापरला तर संपतो आणि कोंडून ठेवला तर कुजतो. वाटलं, आता माय जाणार, आणि ते माझ्या हातानं होणार.

दुसऱ्या दिवशी पेपर दिला आणि तशीच पडेगावला गेले. रस्त्याच्या कडेला मेंढरांचा एक वाडा दिसायचा, ते मला माहीत होतं. तिथं झाडाखाली एक म्हातारी लोकर विंचरत बसली होती. मी जवळ गेले तर तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“मावशी, थोडी लोकर मिळंल का? जावळ.”

“जावळ कुठलं आता? सरलं कवाच. कशाला पाह्यजे?”

“साबणाला.”

“साबणाला!” ती मोठ्यानं हसली. “कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय?”

मग कोणाची, कुठली, सगळं तिनं विचारून घेतलं. मी सांगत गेले, आणि सांगता सांगता मी लोकर सोलल्याचंही बोलून गेले. तिचे हात थांबले.

“मायनं बसवलेली काढून टाकलीस. आन आता लोकाच्या दारात मागाया आलीस.”

मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडणं बरं दिसलं नसतं. तिनं मागं हात घातला आणि काळ्या लोकरीचा पुंजका काढून माझ्या मांडीवर टाकला.

“ही म्हाताऱ्या मेंढीची हाय. टोचंल. आन साबण? आणलाय?”

मी फडक्यातून सातवी काढून दिली. तिनं ती नाकाशी नेली, अंगठ्यानं दाबून बघितली. “वाळलाय चांगला. हातात कला हाय तुझ्या मायच्या.” मग तिनं चुलीवरचं पाणी कोमट करून घेतलं आणि मला बसवलं. “पयले सैल हातानं. घाई करू नको. घाई केली की लोकर सरकती, बसत नाय.” मी फिरवत राहिले. लोकर निसटत होती, फुगत होती, मग हळूहळू आवळत गेली. “आता जोरात. पोराचं डोस्कं धुतीस तसं नको, भांडं घासतीस तसं.” तळहात लाल झाले. शेवटी ती काळी, खरखरीत वडी हातात आली तेव्हा खरंच मेलेल्या उंदरासारखी दिसत होती.

मी ती खिडकीत दोऱ्यानं टांगली. तीन दिवसांआड एकदाच वापरायची, लोकर भिजेल तेवढंच पाणी घ्यायची. अंगाला टोचायची. तरी ती बारीक होत होती. लोकर आतल्या आत सैल पडू लागली की मी पुन्हा कोमट पाण्यात आवळून घ्यायची, म्हणजे आत किती उरलंय ते बोटांना कळायचं. शेवटच्या पेपरच्या दिवशी आत सुपारीएवढं काहीतरी लागत होतं.

त्यानंतर चारच दिवसांनी बाबांनी मेंढरं चुलत्याच्या हवाली केली आणि मायला टेम्पोतून घरी आणलं. मी आधीच वस्तीवर जाऊन थांबले होते. साबण संपला नव्हता. ती दारात आली होती. तिचं बोलणं तिनं पाळलं होतं, फक्त बाबांनी आणि टेम्पोवाल्यानं तिला दोन्ही बाजूंनी उचलून दारातून आत आणलं.

तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटले. दवाखान्याचा आणि प्रवासाचा वास तिच्या अंगाला येत होता. बाबा म्हणाले, “महिनाभर नीट अंग धुतलं नाय तिचं. नुसतं पुसायचो.”

घरामागं दगडावर आम्ही अंग धुतो. पत्र्याचा आडोसा आहे. बाबांनी तिला आणून पाटावर बसवलं, भिंतीला टेकवलं आणि बाहेर गेले. मी पाणी कोमट केलं. मग पिशवीतून ती काळी वडी काढली.

क्षणभर मी थांबले, हे खरं आहे. इतके दिवस जपलेली ती. एकदा वापरली की संपणार होती. मला वाटलं, घरात दुसरा साबण असेल, तो लावावा. मग मायच्या मानेवरचा मळ दिसला, आणि मी वडी भिजवली.

पाठ धुतली. उजवा हात उचलून धुतला. तो जड होता आणि माझ्या हातातून खाली घसरत होता. बोटांच्या मधली चामडी पांढरी पडली होती, एकेक बोट वेगळं करून घासलं. फेस येत होता. आजवर मी त्याचा थेंबही सांडू दिला नव्हता, आणि आता तो तिच्या अंगावरून दगडावर, दगडावरून मातीत चालला होता. मी लोकर पुन्हा पुन्हा दाबत होते.

तिनं डावा हात पुढं केला. मला वाटलं पाणी हवंय. तिनं माझ्या हातातली वडी धरली, अंगठा लोकरीवरून फिरवला आणि तिचं कपाळ आक्रसलं.

“का... काळी,” ती म्हणाली.

महिनाभरात तिच्या तोंडून निघालेला पहिला शब्द, असं बाबांनी नंतर सांगितलं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की तिनं ओळखलं. तिची लोकर पांढरी होती.

मी म्हणाले, “व्हय माय. काळी. पांढरी मी...” ती माझ्याकडं बघत राहिली. रागावली की नाही, ते त्या तोंडावरून कळत नव्हतं. मग तिनं वडी परत दिली आणि मान पुढं झुकवली, केस धुवायला.

केसांवर चोळताना फेस येईनासा झाला. मी लोकर चिमटीत धरून दाबली. आत काही लागलं नाही. नुसती ओली लोकर, आतून पोकळ. मी थोडं पाणी टाकून पुन्हा चोळली.

मायनं मान खालीच ठेवून विचारलं. शब्द वाकडा आला, पण कळला.

“सपला?”

“नाय,” मी म्हणाले. “हाय अजून.”

आणि ती रिकामी लोकर तिच्या केसांवरून फिरवत राहिले.